काटेसाहेबांच्या पालकाची सही

लेकीचा फोन आला तेव्हा काटेसाहेब खुर्चीवर उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलत होते, आणि फोन संपेपर्यंत ते खुर्चीवरच उभे राहिले, कारण खाली उतरण्याइतकं भान त्यांना उरलं नव्हतं. लेकीला आठवा लागला होता. तिने अगदी गोड आवाजात सांगितलं की डॉक्टरांशी बोलून तिने आणि जावयाने घरात एक नियम केला आहे. ज्याला बाळ हातात घ्यायचं असेल त्याने आधी डांग्या खोकल्याची लस घ्यायची, तीही बाळाला भेटण्याच्या निदान दोन आठवडे आधी. इवल्या बाळाला ती लस लगेच देता येत नाही, म्हणून आजूबाजूच्या मोठ्यांनी घ्यायची. ज्याने घेतली नसेल त्याने दारातून बाळ पाहावं, टाटा करावा आणि घरी जावं.

"प्रत्यक्ष आजोबांनीसुद्धा?" काटेसाहेबांनी विचारलं.

"प्रत्यक्ष आजोबांनी आधी," लेक म्हणाली. "आणि पणजीनेसुद्धा."

काटेसाहेब हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात पस्तीस वर्षं निरीक्षक म्हणून त्यांनी शहरभरचे तराजू तपासले, खोट्या काट्यांवर जप्ती आणली, खऱ्या काट्यांवर शिक्के मारले, आणि निवृत्तीनंतर इमारतीतल्या लोकांनी त्यांना हे नाव देऊन टाकलं. ते त्यांना आवडत असे. त्यात एक प्रकारचा दरारा होता. अवघ्या बाजाराला घाम फोडणारा हा माणूस इंजेक्शनच्या सुईला मात्र टरकून असतो, ही गोष्ट जगात दोनच बायकांना ठाऊक होती, एक त्यांची आई आणि दुसरी त्यांची बायको, आणि दोघींनीही ती मोठ्या मनाने आपल्यापाशीच ठेवली होती.

बायको बालवाडीत शिकवून निवृत्त झालेली. दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली, येताना वाटेवरच्या आरोग्य केंद्रात शिरली, दंड पुढे केला आणि घरी येऊन वाटाणे सोलायला बसली. काटेसाहेबांना हे संध्याकाळी कळलं, तेही तिच्या दंडावरची पट्टी दिसली म्हणून. त्यांना ही घाई पटली नाही. अशा बाबतीत माणसाने आधी विषयाचा नीट अभ्यास करावा, असं त्यांनी तिला समजावलं. ती बरं म्हणाली. बालवाडीत ज्या मुलांना झोपाळ्यावर बसायची भीती वाटे, त्यांनाही ती असंच बरं म्हणत असे.

अभ्यासाला तीन आठवडे लागले. त्यात इमारतीचा मोठा वाटा होता. वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर म्हणाले की लस डाव्या दंडात घ्यावी, कारण त्यांनी एकदा उजव्यात घेतली आणि पुढचे दोन दिवस त्यांना फळ्यावर एक साधं बेट काढता आलं नाही. समोर राहणाऱ्या शिवणकामवाल्या वहिनींचं मत होतं की भरपेट खाऊन जावं. त्यांच्या यजमानांचं म्हणणं, उपाशीपोटी जावं. ह्यावर त्या दोघांत जे काही झालं त्याची झळ पुढे चार दिवस त्यांच्या घरात राहिली. मास्तरांनी नंतर असंही सुचवलं की डांग्या खोकला हा मुळात लहान मुलांचा आजार असल्यामुळे मोठ्या माणसाने त्याची लस घेणं जरा पोरकट दिसतं. काटेसाहेबांना हा मुद्दा फारच भावला. त्यांनी तो बायकोला सांगितला. तिने लेकीचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "हे तिलाच सांगा."

मग काटेसाहेब गेले.

आरोग्य केंद्र म्हणजे एक लांबुळकी बैठी इमारत, आत हिरवट भिंती, दोन बाकं, एक नोंदणीची खिडकी आणि टोकाला लसीची खोली. तिथे एक परिचारिका होती, तिशीची, ठेंगणी, बाहेरगावाहून बदलून आलेली. तिचं बोलणं जरा वेगळ्या वळणाचं होतं आणि समोरच्याचं सगळं ऐकून झाल्यावरच ती बोलायला सुरुवात करी. पहिल्या भेटीत काटेसाहेबांना ही सवय फार गैरसोयीची वाटली, कारण त्यांच्याजवळ सांगण्यासारखं लवकरच संपलं.

तिने सांगितलं की साठीच्या पुढच्या माणसाची केंद्रात सगळी तपासणीही होते: वजन, रक्तदाब, साखर, डोळे, कान, तोल. एका खेपेत सगळं होऊन जाईल. काटेसाहेब लगेच हो म्हणाले. सुईपर्यंतचा रस्ता जितका लांब तितका बरा.

वजनकाट्याने त्यांचं वजन त्र्याऐंशी किलो दाखवलं. काटेसाहेब उतरले, पुन्हा चढले, पुन्हा त्र्याऐंशी. त्यांचं वजन ऐंशी होतं. घरच्या काट्यावर ते दर रविवारी ऐंशी भरत, आणि घरचा काटा त्यांनी स्वतः निवडून आणलेला होता. त्यांनी शांतपणे, पण अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की हा काटा तीन किलो जास्त दाखवतो, ही गंभीर बाब आहे आणि नशिबाने योग्य माणूस त्यावर उभा राहिला आहे. मग त्यांनी खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो बिचारा अर्ध्या तासात पितळी प्रमाणवजनं घेऊन आला. दोघांनी मिळून काट्याची साग्रसंगीत तपासणी केली. बाकांवरची माणसं आपापली दुखणी विसरून भोवती जमली. काटा शंभर टक्के बरोबर निघाला. सहकाऱ्याने वजनं पेटीत भरली आणि जाता जाता हळूच म्हणाला, "साहेब, घरचा एकदा बघून घ्या."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खोटा काटा एकदाही हातून सुटला नव्हता, आणि एक त्यांच्याच पलंगाखाली सहा वर्षं सुखाने नांदत होता. ह्या विचारातून सावरण्याआधीच त्यांना एका पायावर उभं राहायला सांगण्यात आलं. दहा सेकंद. ते चार सेकंद राहिले आणि मग बाकावरच्या एका अनोळखी आजींचा त्यांना आधार घ्यावा लागला. आजींनी "होतं असं" म्हणून त्यांचा हात थोपटला.

शेवटी रक्तदाब. पट्टा फुगला, उतरला. परिचारिकेने पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजला. एकशे अडुसष्ट आणि शंभर. तिने विचारलं की कधी मोजला होता ह्याआधी. काटेसाहेबांनी आठवून पाहिलं. निवृत्त होताना बहुधा. म्हणजे सहा वर्षं झाली. ती म्हणाली की थोडा सुईच्या धाकाने वाढला असेल, पण एवढा सगळा काही धाकाने वाढत नाही. डॉक्टरांना दाखवू. लस मात्र आत्ता देता येईल.

तिने सुईच्या धाकाचं नाव काढलं तसे काटेसाहेब उठले. धाक वगैरे काही नाही, म्हणाले, पण तब्येतीच्या बाबतीत उगाच धाडस नको, आधी रक्तदाब आटोक्यात येऊ दे. तिने अडवलं नाही. फक्त लेकीच्या दिवसांचा हिशोब विचारला, कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि म्हणाली की मग एका आठवड्यात या, त्यापुढे फार उशीर करू नका. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. काटेसाहेब घरी आले, पलंगाखालचा काटा काढला आणि जुन्या कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. बायकोने पाहिलं, पण विचारलं नाही.

आठवडाभर घरात दोन उद्योग चालले. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब वहीत लिहिणं, आणि खिडकीपाशी एका पायावर उभं राहणं. समोरच्या वहिनींनी हे मशीनवरून मान वर करून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की काटेसाहेबांनी काहीतरी व्रत धरलंय. मास्तर येऊन म्हणाले की असं एका पायावर राहणारे पक्षी ते झोपेत करतात, त्यामुळे जागेपणी करण्यात फायदा कितपत, शंकाच आहे. पण गोळी लागू पडली. आकडे उतरले. डोक्यात मागच्या बाजूला एक ठणका असायचा, तो वयाचा आहे असं काटेसाहेब इतके दिवस समजत होते. तो चौथ्या दिवशी गेला, आणि गेल्यावरच त्यांना कळलं की तो कायमचा तिथे होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण त्या परिचारिकेविषयी त्यांचं मत जरा बदललं.

आईचा प्रश्न मात्र तसाच होता. आई चौऱ्याऐंशीची. चालती-फिरती, कानाने तल्लख, उभा जन्म मनगटापर्यंतच्या बाह्यांत काढलेली. लस म्हटलं की ती एकच वाक्य बोले, "मला नको, मी लांबूनच बघेन बाळाला." सुनेने समजावलं, नातीने फोनवर लाडीगोडी लावली. आई हसून ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे. काटेसाहेबांनी मनातल्या मनात ताडलं की सुईची भीती आपल्याकडे कुठून आली असेल, आणि आईविषयी त्यांना फार आपुलकी वाटली.

एका आठवड्याने ते पुन्हा केंद्रात गेले, ह्या खेपेला खरोखर तयारीने. रक्तदाब एकशे अडतीस निघाला. परिचारिका मनापासून हसली आणि म्हणाली, खिडकीवर नोंद करून या.

खिडकीत कारकून बसला होता आणि त्याच्यासमोर नवा संगणक. तो सोमवारीच आला होता. बायकोने लस घेतली तेव्हा केंद्रात वही होती; वहीत नाव लिहिलं की झालं. तीन आठवडे अभ्यास केला नसता तर काटेसाहेबही वहीतच आटोपले असते. संगणकात मात्र डांग्या खोकल्याची लस फक्त 'बालक' ह्या सदरात होती. कारकुनाने दोनदा शोधलं. मोठ्यांच्या सदरात ती नव्हती. वरच्या कार्यालयाला कळवलं होतं, पण तिथून उत्तर येईपर्यंत, कारकुनाच्या अंदाजाने, बाळ शाळेत जायला लागलं असतं. तोवर, तो म्हणाला, मार्ग एकच. साहेबांना बालक म्हणून घालू.

काटेसाहेबांनी मान ताठ ठेवून संमती दिली. कारकून एकेक रकाना वाचू लागला. बालकाचं वय: चौसष्ट वर्षं, संगणकाने ते महिन्यांत करून घेतलं. बालकाचं वजन: ब्याऐंशी किलो, संगणकाने लाल अक्षरांत 'कृपया पुन्हा तपासा' म्हटलं. बालक अंगावर पितं का, ह्या प्रश्नावर कारकुनाने स्वतःच्या जबाबदारीवर 'नाही' भरलं. मग तो थांबला.

"आई किंवा वडील समोर लागतील. पालकाची सही आणि अंगठा घेतल्याशिवाय हा पुढे सरकत नाही."

काटेसाहेबांनी सांगितलं की वडील जाऊन पंधरा वर्षं झाली. कारकुनाने मनापासून दुःख व्यक्त केलं आणि विचारलं, आई?

घरी आल्यावर हे आईला कसं सांगावं ह्याची त्यांनी वाटेत बरीच जुळवाजुळव केली, पण तिने अर्धं ऐकलं आणि चप्पल शोधायला लागली. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या सहीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. घरात सगळे तिची काळजी घेत, तिला विचारत, खाल्लं का, झोपलीस का. पण तिच्यावाचून अडलंय असं कुणी म्हणालं नव्हतं. ती चांगली शाल काढून तयार झाली आणि बसमध्ये शेजारच्या बाईने काही न विचारताच तिला म्हणाली, "मुलाला लस टोचायला नेतेय." शेजारच्या बाईने मूल शोधलं. काटेसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

केंद्रात दुपारची सामसूम होती. खिडकीशी उभं राहून आईला त्रास नको म्हणून परिचारिकेने कारकुनालाच लसीच्या खोलीत बोलावलं. तो संगणकाचा पाटीएवढा छोटा भाऊबंद घेऊन आला. आईला खुर्ची दिली, स्वतः परिचारिका समोर खालच्या स्टुलावर बसली. आईने नाव सांगितलं, अंगठा टेकवला, थरथरत्या अक्षरांत सही केली. कारकून उरलेले रकाने एकसुरात वाचत होता.

"हे तुमचं कितवं अपत्य?"

"पहिलं," काटेसाहेब सवयीने म्हणाले. "आणि एकुलतं."

"दुसरं," आई म्हणाली.

काटेसाहेबांना वाटलं तिला प्रश्न नीट कळला नाही. त्यांनी वाकून, जरा मोठ्याने सांगितलं की आई, माझ्याबद्दल विचारतायत. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती कारकुनाकडे बघत होती, सरकारी कागदावर खोटं लिहायचं नसतं अशा चेहऱ्याने.

"दुसरं लिही बाळा. पहिली मुलगी होती."

कारकुनाचं बोट पाटीवर तसंच राहिलं. परिचारिकेने त्याला डोळ्याने बाहेर जायला सांगितलं, दार लोटलं, दाराच्या काचेवर एक टॉवेल अडकवला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसली. मग तिने आईला विचारलं की मुलाने इथे थांबलेलं चालेल, की तोही बाहेर जाऊ दे. आईने आता मुलाकडे पाहिलं.

"राहू दे त्याला. आता त्यालाही आजोबा व्हायचंय."

तिने जे सांगितलं ते फार मोठं नव्हतं. अठरा वर्षांची होती ती. काटेसाहेबांचे वडील तेव्हा कालव्याच्या खोदकामावर मुकादम होते आणि मजुरांच्या पत्र्याच्या वस्तीत त्यांची एक खोली होती. मुलगी महिन्याची झाली होती तेव्हा वस्तीत खोकल्या-घटसर्पाची लस टोचणारा आला, हातात पत्र्याची पेटी घेऊन, दारोदार. आदल्या खेपेला शेजारणीचं मूल टोचल्यावर रात्रभर तापलं होतं. म्हणून आईने मुलीला गोधड्यांच्या घडीमागे निजवलं आणि दारातूनच सांगितलं, आमच्याकडे लहान मूल नाही. तो पुढे गेला. पंधरवड्याने मुलीला खोकला सुरू झाला. डांग्या खोकला. खोकून खोकून निळी पडायची, म्हणाली. आठ दिवस. नाव अजून ठेवलं नव्हतं.

"मीच म्हणाले ना, मूल नाही म्हणून," आई म्हणाली. "मग नाहीच राहिलं."

त्यानंतर वडील कधी त्याविषयी बोलले नाहीत, तीही बोलली नाही, आणि दोन वर्षांनी काटेसाहेब झाले तेव्हा तिने त्यांना एकही लस चुकू दिली नाही. चार कोस चालत नेलं होतं एकदा, तेही ओल्या वाटेने. पण इतर कुणाचं तान्हं मूल तिने कधी हातात घेतलं नाही. कुणी द्यायला आलं की हात ओले आहेत म्हणायची. नातीलासुद्धा पहिले तीन-चार महिने घेतलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, सासूबाईंना उठबस जमत नाही. काटेसाहेबांना ते आत्ता आठवलं. आईची भीती सुईची कधी नव्हतीच. लस घेतली की मग बाळ न घ्यायला काही कारण उरलं नसतं.

काटेसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं. पस्तीस वर्षं ते लोकांना नियम समजावून सांगत आले होते, पण ह्यावर कुठलं कलम लावावं हे त्यांना सुचेना.  परिचारिकेने आईच्या खुर्चीच्या हातावर नुसता आपला हात ठेवला. मग विचारलं, "आजी, मुलगी महिन्याची होती हे तुम्हाला पक्कं आठवतं?"

आईने सांगितलं, महिन्याला वर दोन दिवस. हे कोण विसरेल.

परिचारिका उठली, भिंतीवरचा लसींचा तक्ता खिळ्यावरून काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला. तिने सांगितलं की डांग्या खोकल्याची पहिली लस सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय देतच नाहीत. आजही देत नाहीत, आणि त्या काळी तर त्याहूनही जास्त थांबायचे. "तुम्ही दार सताड उघडलं असतं, बाळ त्याच्या हातात दिलं असतं, तरी त्या माणसाने काही टोचलं नसतं आजी. नाव लिहून घेतलं असतं आणि पुढच्या खेपेला आणा म्हणाला असता. ती पुढची खेप तिला मिळाली नाही. त्यात तुमचा काही हात नव्हता."

आईने तक्त्याकडे पाहिलं. तिला सही येत होती, बारीक छापील अक्षर मात्र लागत नव्हतं. तिने तक्ता मुलाकडे सरकवला.

"तू वाच. तू वाचलंस तर खरं."

काटेसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ तक्ते वाचले होते, मोठमोठ्या व्यापाऱ्यांसमोर, साक्षीदारांसमोर, पण आवाज असा कधी फाटला नव्हता. त्यांनी वाचलं: डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, पहिला डोस, वय सहा आठवडे.

"पुन्हा वाच."

त्यांनी पुन्हा वाचलं. मग न सांगता तिसऱ्यांदाही वाचलं. आई मान हलवत होती, हो असंही नाही आणि नाही असंही नाही, जशी लांबच्या गाडीची वेळ कुणी सांगितल्यावर माणसं हलवतात. बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. आई म्हणाली, "सहासष्ट वर्षं झाली." एवढंच म्हणाली आणि शालीच्या टोकाने डोळे नव्हे, तर आधी तो तक्ता पुसला, कारण त्यावर तिचं पाणी पडलं होतं.

थोड्या वेळाने तिने बाहीची गुंडी सोडली. परिचारिकेने लगेच सांगितलं की आज नको असेल तर घाई नाही. आई म्हणाली, आधी मला दे; संगणकासाठी तिचे पालक कुठून आणायचे हे परिचारिकेने नंतरवर टाकलं. परपुरुषापुढे जसा कधी उघडला नव्हता तसा पोटच्या मुलापुढेही तिने दंड उघडला नव्हता, म्हणून काटेसाहेबांना भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं. त्यांनी आज्ञा पाळली. पण भिंतीला काचेचं कपाट होतं, आणि काचेत परिचारिकेचा हात, त्या हातातली सुई आणि आईचा बारीक, गोरापान, कधी ऊन न लागलेला दंड स्पष्ट दिसत होता. हे सगळं त्यांनी पाहिलं, आणि पुढचं काही पाहिलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा ते तपासणीच्या खाटेवर आडवे होते. पायांखाली दोन उशा होत्या. दारात कारकून आणि बाकांवरची तीन-चार माणसं होती, आणि त्यांत त्या दिवशीच्या, आधार देणाऱ्या आजीही होत्या. "होतं असं," त्या म्हणाल्या. परिचारिकेने रक्तदाब मोजला, पाणी दिलं, माणसांना बाहेर काढलं. आई उशाशी खुर्ची घेऊन बसली होती. तिचं काम केव्हाच होऊन गेलं होतं आणि दंडावर पट्टी होती.

"आता आडवा झालाच आहेस," ती म्हणाली, "तर घेऊन टाक."

परिचारिकेने त्यांना विचारलं, चालेल का. काटेसाहेबांनी मान हलवली. आईने आपला तळवा त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. हात थंडगार होता आणि त्याला साबणाचा वास येत होता. त्यांनी दंडात टोचण्याची वाट पाहिली, मग आणखी वाट पाहिली, आणि शेवटी विचारलं की केव्हा देणार. परिचारिका म्हणाली, दिली.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. काटेसाहेबांना बहिणीविषयी विचारायचं होतं, तिचे डोळे कसे होते, केस होते का. पण ते हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिले. आपल्या थांब्याच्या जरा अलीकडे आईच म्हणाली, "तुझ्यापेक्षा गुटगुटीत होती. तू अगदीच काडी होतास." आणि मग हसली. काटेसाहेबांना चौसष्ट वर्षांत प्रथमच कुणीतरी धाकटं म्हटलं होतं. ते त्यांना बरं वाटलं.

त्यानंतर मोबाइलवर संदेश यायला लागले. बालकाला लसीनंतर ताप आल्यास घाबरू नका. बालकाचं वजन वयाच्या मानाने अधिक असल्याने नजीकच्या केंद्रात दाखवा. बालकाला आज दोन नवे शब्द शिकवा. बायको ते रोज चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवत असे, आणि मास्तर मुद्दाम त्या वेळी खाली येत. काटेसाहेबांनी कारकुनाकडे लेखी तक्रार केली. ती नोंदवून घ्यायला संगणकाने पालकाची सही मागितली. त्यांनी नाद सोडला.

बाळ दिवस भरून, वेळेवर झालं. मुलगी. रुग्णालयातून लेक घरी आल्यावर, चौथ्या दिवशी, तिघं तिला भेटायला गेले. लेकीने दारातच तिघांना हात धुवायला पाठवलं. काटेसाहेबांनी कोपरापर्यंत धुतले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मनात सगळं ठरलेलं होतं: कुठे बसायचं, मानेखाली हात कसा धरायचा, आधी काय म्हणायचं. पण लेक बाळाला घेऊन सरळ पणजीकडे गेली होती. तिला आजीने फोनवर काय सांगितलं होतं, कुणास ठाऊक; सांगितलं होतं एवढं मात्र लेकीच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

आईने हात पुढे केले. ते ओलेच होते, नुकते धुतलेले, पण ती तसं काही म्हणाली नाही.

काटेसाहेब शेजारी बसून वाट पाहत राहिले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बायकोने एकदा बाळाच्या पायाला बोट लावून घेतलं आणि समाधानाने स्वयंपाकघरात गेली. लेक म्हणाली, आजी, आता बाबांना देऊ या का थोडा वेळ. आई पुटपुटली की थांब गं, आत्ता कुठे डोळा लागतोय. मग लेकही आत आडवी व्हायला गेली. पडद्याआडून दुपारचं ऊन येत होतं. काटेसाहेबांनी आणखी थोडा वेळ जाऊ दिला आणि आवाज न करता पुढे वाकून पाहिलं.

बाळ टक्क जागं होतं. काळेभोर डोळे उघडे ठेवून ते छताकडे बघत होतं. झोपली होती ती आई. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, आणि हात मात्र बाळाभोवती घट्ट.

काटेसाहेबांनी बाळ घेतलं नाही. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आईच्या कोपराखाली आपला तळहात हळूच सरकवला, आणि त्याला मुंग्या येऊन तो बधिर झाला तरी, ती आपणहून जागी होईपर्यंत तसाच ठेवला.